संडासातलं मीठ

ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा जंतू मारतो तो क्लोरीन. हाच क्लोरीन संडासाच्या टाकीतच तयार करता येतो. लघवीत मीठ असतंच. दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की धनाग्रावर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो, ऋणाग्रावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात आणि झाकण उघडलं की पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. ना गटार लागतं, ना पावडरीची पोती.

2011 साली गेट्स फाउंडेशनने गटाराविना चालणारा संडास घडवण्याचं आव्हान दिलं. 2012 मध्ये पहिलं बक्षीस मिळालं कॅलटेकच्या मायकल हॉफमन यांच्या गटाला, याच तत्त्वावर चालणाऱ्या त्यांच्या सौर संडासाला. फोटोत सौर पॅनल छान दिसतं. पण एक लिटर घाण पाणी निर्जंतुक करायला किती वीज जाळायची, हा प्रश्न फोटोत मावत नाही, आणि सगळं घोडं अडतं ते तिथेच.

क्लोरीनला जंतूंपर्यंत पोचण्याआधी वाटेत फार गिऱ्हाइकं भेटतात. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. तो क्लोरीनला धरून क्लोरामाइन बनवतो, जे जंतू मारतं पण रेंगाळत. विरघळलेला मैला आणि तरंगणारे कण उरलेला क्लोरीन फस्त करतात. म्हणजे बिल जंतूंच्या नावाने फाडायचं आणि वीज खर्चायची घाण जाळण्यात! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आणि आरटीआय इंटरनॅशनलच्या गटाने कोइम्बतूर आणि डर्बन इथे चाचण्या घेतल्या, त्यांची दिशा मला म्हणूनच पटते. आधी गाळ बसू द्यायचा, पाणी सक्रिय कार्बनमधून काढायचं आणि मग वीज सोडायची. शिवाय वीज बंद केल्यावरही पाण्यात उरलेला क्लोरीन काम करत राहतो, तेवढी मुदत त्याला दिली तर यंत्र कमी वेळ चालवून भागतं. विजेची बचत झाली ती विजेआधीच्या गाळणीत आणि विजेनंतरच्या थांबण्यात. अर्थात कार्बनही कधीतरी भरून जातो आणि बदलावा लागतो.

आता आपली सवय. आपण धुणारी माणसं. मग आणि बादली हाताशी असतेच, आणि संडासात पाणी सढळ हाताने ओततो. त्याने मीठ पातळ होतं, पाण्यातून वीज नीट वाहत नाही आणि तेवढाच प्रवाह रेटायला व्होल्टेज वाढवावं लागतं. वर एकूण लिटरही वाढतात. तेव्हा कुणी 'प्रति लिटर अमुक वॅट-तास' असा आकडा दाखवला, तर त्यात किती बादल्या धरल्यात हे आधी विचारा. बोअरचं पाणी जड असलं, तर गिझरच्या कॉइलसारखेच ऋणाग्रावर क्षार चढतात. अधूनमधून प्रवाह उलटा फिरवला की ते सुटतात, पण ते होतंय की नाही हे बघायला कुणीतरी हवं.

आवार असलेल्या घराला या यंत्राची गरज नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारा संडास घडवला तो विजेविनाच, आणि दोन शोषखड्ड्यांचा संडासही बटणाविना चालतो. यंत्राची जागा आहे ती दाट वस्तीतल्या सामुदायिक संडासाची, गिरणीच्या वसतिगृहाची. जिथे खड्ड्याला जागा नाही, टाकी भरली की सक्शनची गाडी बोळात शिरत नाही आणि शेवटी कुणाला तरी आत उतरवलं जातं. पण हेही खरं, की वीज पाणी निर्जंतुक करते, गाळ तसाच उरतो. तो काढण्याची सोय यंत्राबरोबर नसेल, तर माणूस उतरायचा तो उतरणारच.

निघालेलं पाणी पुन्हा संडासात ओतायला वापरावं, नाल्यात सोडू नये. जंतू मेले तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस बव्हंशी तिथेच असतात. गटाराविना चालणाऱ्या संडासांसाठीच्या 2018 च्या आयएसओ 30500 मानकात ते घटवण्याचीही अट आहे, ती काही उगाच नाही. हिऱ्याचा लेप दिलेल्या पट्ट्यांवर वीज जास्त रेटली तर क्लोरेट आणि परक्लोरेट ही अपायकारक संयुगंही बनतात. तेव्हा कुणा पाहुण्याने कॅमेऱ्यासमोर या पाण्याचा पेला उचलण्याचा हट्ट धरू नये.

पालिकांना माझं मागणं आहे ते निविदेबद्दल. सीटा मोजून, बांधकाम संपलं की बिल चुकतं करायची रीत इथे चालणार नाही. यंत्र जितके दिवस चाललं तितक्याच दिवसांचे पैसे द्या. निविदेत दोन रकाने वाढवा: बादलीने पाणी ओतणाऱ्या वस्तीत मोजलेली प्रति लिटर वीज, आणि कार्बन बदलायला व गाळ न्यायला कोण, किती दिवसांनी येणार. हे रकाने कोरे ठेवणाऱ्या ठेकेदाराचं पाकीट परत पाठवा.