नवख्यालाही आकडे कळतात

दरवर्षी 14 जानेवारीच्या दुपारी बेंगळुरूच्या गविपुरम भागात वृत्तवाहिन्यांच्या गाड्या येऊन थांबतात. गवी गंगाधरेश्वराच्या गुहामंदिरात त्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचे किरण बाहेरच्या कमानीतून आणि नंदीच्या दोन शिंगांमधून वाट काढत आतल्या शिवलिंगावर पडतात. काही मिनिटांचा हा सोहळा कन्नड वाहिन्या थेट दाखवतात. ढग आडवे आले तर निवेदकाचा जीव टांगणीला लागतो आणि येणारे वर्ष कसे जाईल यावर चर्चा सुरू होते. घराघरांत इतक्या भक्तीने पाहिला जाणारा खगोलशास्त्राचा दुसरा कार्यक्रम कर्नाटकात बहुधा नसेल. तो खगोलशास्त्राचा आहे, एवढेच सांगायचे राहून जाते.

सांगण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. सूर्य 14 जानेवारीला क्षितिजावर जिथे मावळतो, तिथेच तो नोव्हेंबरच्या शेवटीही मावळलेला असतो. 22 डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो आणि त्याच वाटेने परत फिरतो. म्हणजे शिवलिंगावर ऊन वर्षातून दोनदा पडायला हवे, आणि ते पडतेही. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणातल्या बी. एस. शैलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मंदिराचा अभ्यास करून 2008 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निबंध लिहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॅनियल काका-पुतण्यांनी काढलेली या जागेची चित्रे त्यांनी आजच्या बांधकामाशी ताडून पाहिली. मंदिरात पुढे बरेच फेरफार झाले असून मूळ रचनेचा संबंध उन्हाळ्यातल्या अयनदिनाशी असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पहिल्यांदाच हे पाहणाऱ्या आजीबाईंना नोव्हेंबरातल्या दुसऱ्या सोहळ्याची बातमी नवी वाटेल. वर्षानुवर्षे दुर्बीण बाळगणारा हौशी निरीक्षक लगेच कागद घेऊन सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, काढायला बसेल. एकच दृश्य आणि एकच वाक्य दोघांनाही पुरते.

वाहिन्या मात्र हे धरून चालतात की हे दोन प्रेक्षक निरनिराळे आहेत. नवख्याला चमचमीत ग्राफिक्स, गडगडाटी संगीत आणि ‘विश्वाचे रहस्य’ हवे. जाणकाराला आकडे हवेत, आणि तो मूठभर असल्याने त्याला सोडून दिले तरी चालते. या हिशेबात दोघांचेही नुकसान होते. आकाशाची गोडी लागण्याची सुरुवात माहितीने क्वचितच होते, ती आपल्यासमोर खरेच काही घडते आहे या जाणिवेने होते. आणि खरे काही दाखवायचे म्हटले की आकडे सोबत येतातच.

याचा मोठा पुरावा बेंगळुरूनेच दिला. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी इस्रोच्या ‘इस्ट्रॅक’ केंद्रातून चंद्रयान-3 च्या अवतरणाचे थेट प्रक्षेपण झाले. दूरदर्शनने ते दाखवले, आणि यूट्यूबवर इस्रोच्या वाहिनीला एकाच वेळी 80 लाखांहून अधिक प्रेक्षक होते. या प्रक्षेपणात पाहण्यासारखे होते तरी काय? नियंत्रण कक्षातले पाठमोरे अभियंते, एक आलेख, उंची आणि वेगाचे बदलते आकडे, आणि संगणकाने काढलेले यानाचे साधे चित्र. त्या यानाचा विक्रम हा लँडर सुमारे 30 किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला 1.68 किलोमीटर वेगाने निघाला होता. पहिल्या 690 सेकंदांत तो साडेसात किलोमीटरपर्यंत उतरला. मग दहा सेकंदांचा स्थिरावण्याचा टप्पा, मग हलके ब्रेक, शेवटी सरळ खाली. सहा वाजून चार मिनिटांनी तो टेकला. ज्यांनी आयुष्यात कधी आलेख वाचला नव्हता, त्यांनाही ती रेषा ठरलेल्या वाटेवरून सरकते आहे की नाही हे कळत होते.

त्याच संध्याकाळी काही वृत्तवाहिन्यांचे निवेदक अंतराळवीराचा पोशाख चढवून स्टुडिओतल्या खोट्या चंद्रावर उड्या मारत होते. ते पाहून कोणाला काय समजले, हा प्रश्नच आहे.

आकडे उघड दाखवण्याची किंमत त्याआधी चार वर्षे कळली होती. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, दोनच्या सुमारास, चंद्रयान-2 चा विक्रम उतरत असताना पडद्यावरचा हिरवा ठिपका अपेक्षित रेषेपासून ढळला आणि थांबला. संपर्क तुटल्याची घोषणा नंतर झाली. टीव्हीसमोर जागणाऱ्या अनेकांच्या पोटात गोळा त्याआधीच आला होता. नेदरलँड्समध्ये ड्विंगेलो इथली 25 मीटरची जुनी रेडिओ दुर्बीण आता हौशी मंडळी चालवतात. तिने विक्रमचा संदेश पकडून ठेवला होता, आणि लहरींच्या बदलत्या वारंवारतेचा आलेख जगासमोर आला. पुढचा अध्याय चेन्नईत घडला. षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्याने नासाच्या चांद्रयानाने काढलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे घरी बसून ताडून पाहिली, आणि विक्रमच्या अवशेषांचा पहिला ठावठिकाणा शोधला. डिसेंबर 2019 मध्ये नासाने त्यांच्या नावानिशी हे श्रेय जाहीर केले. पडद्यावर उघडपणे दिसलेल्या अपयशाला असे शोधक प्रेक्षक भेटतात. झाकून ठेवले असते, तर फार तर अफवा भेटल्या असत्या.

नवखा आणि जाणकार या दोघांनाही एकाच कार्यक्रमात धरता येते, ही गोष्ट बीबीसीने फार पूर्वी ओळखली. ‘द स्काय ॲट नाइट’ हा मासिक कार्यक्रम 24 एप्रिल 1957 ला सुरू झाला, तेव्हा आकाशात आरेंड-रोलँड धूमकेतू होता आणि पहिला भाग त्याच्यावरच होता. सूत्रधार पॅट्रिक मूर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. घरच्या बागेत दुर्बिणी मांडून चंद्राचे नकाशे काढणारा तो हौशी माणूस होता. डिसेंबर 2012 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी सातशेवर भाग केले. 2004 मध्ये विषबाधेमुळे चुकलेला एक भाग सोडला, तर एकही नाही. त्यांची पद्धत साधी होती. या महिन्यात काय दिसेल, ते साध्या डोळ्यांनी कसे ओळखायचे, द्विनेत्रीतून काय वेगळे दिसेल, आणि त्या विषयावर संशोधक सध्या कशावर भांडत आहेत. शाळकरी मुलगा पहिल्या भागावर थांबे, वेधशाळेतला माणूस शेवटच्या भागासाठी बसून राही, आणि दरम्यान दोघेही एकमेकांचा भाग ऐकत.

आपल्याकडे असे कधी झालेच नाही, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षभरात नासाच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत टीव्ही पोहोचला. कर्नाटकातली विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली खेडी त्यात होती. त्या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांपैकी एक होते प्रा. यशपाल. त्यानंतर चारच वर्षांनी, 16 फेब्रुवारी 1980 ला, रायचूरवरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला आणि देशभर रस्ते ओस पडले. लोकांनी घरातच बसावे म्हणून दूरदर्शनने त्या दुपारी हिंदी चित्रपट लावला होता, अशी आठवण त्या पिढीतले अनेक जण सांगतात. 24 ऑक्टोबर 1995 चे खग्रास ग्रहण मात्र दूरदर्शनने थेट दाखवले, आणि पडद्यावर समजावून सांगायला यशपालच होते. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमात प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरे देताना ते ‘हे आम्हाला अजून माहीत नाही’ असेही मोकळेपणाने सांगत. त्याच दशकात जयंत नारळीकर यांनी ‘ब्रह्मांड’ ही मालिका केली. मराठीतून विज्ञानकथा लिहिणारा हा खगोलशास्त्रज्ञ टीव्हीवरही कठीण विषय सोपा करताना त्याची हाडे काढून घेत नसे.

पुढे वाहिन्या वाढल्या आणि ग्रहणाच्या दिवशी स्टुडिओतल्या खुर्च्या ज्योतिषांकडे गेल्या. 26 डिसेंबर 2019 च्या कंकणाकृती ग्रहणात कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्याच गुलबर्गा जिल्ह्यात, अपंग मुले बरी होतील या आशेने त्यांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या आल्या. त्याचा सगळा दोष टीव्हीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण त्या सकाळी राशिभविष्याला दिलेला वेळ कोणत्या तरी दुसऱ्या गोष्टीतून कापलेला होता, हे खरे.

यावर वाहिन्यांचे ठरलेले उत्तर असते की आकडे आले की प्रेक्षक रिमोट उचलतो. क्रिकेट दाखवणाऱ्यांनी हे म्हणू नये. आवश्यक धावगती, डकवर्थ-लुईसचे लक्ष्य, चेंडूचा कल दाखवणारे आलेख घराघरांतले लोक जेवता जेवता वाचतात. ते त्यांना कोणी शाळेत शिकवले नाही, पाहून पाहून आले.

हौशी मंडळींचीही एक खोड आहे. टीव्हीवर दिसलेली प्रत्येक चूक पकडून नाक मुरडायचे आणि नवख्याला ‘आधी नक्षत्रे पाठ कर’ म्हणून वाटेला लावायचे. त्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. पडद्यावरचे तेजोमेघ गुलाबी-निळे असतात, कारण ती छायाचित्रे दीर्घकाळ प्रकाश साठवून, अनेकदा रंग नेमून तयार केलेली असतात. तीच अपेक्षा घेऊन कोणी मृगातला तेजोमेघ दुर्बिणीतून पाहतो, तेव्हा त्याला करड्या धुक्याचा डाग दिसतो आणि तो हिरमुसतो. हा रंग कसा आला आणि डोळ्याला तो का दिसत नाही, हे कार्यक्रमाने दोन वाक्यांत सांगितले, तर तोच करडा डाग त्याला कुतूहलाचा वाटू लागतो. मानवी डोळा मंद प्रकाशात रंग ओळखत नाही, ही माहिती जुन्याजाणत्या निरीक्षकाला रोजची असली, तरी कॅमेऱ्याने कोणत्या वायूला कोणता रंग नेमला हे ऐकायला तोही खुर्चीत सरसावून बसेल.

असा कार्यक्रम करायला लागणारे सगळे बेंगळुरूच्या परिसरात आहे. कोरमंगलातल्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने 7 सप्टेंबर 2025 चे खग्रास चंद्रग्रहण आपल्या केंद्रांवरून थेट दाखवण्याची सोय केली होती. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची दुर्बीण शहराजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. त्या नियंत्रण कक्षातली एक रात्र कापाकापी न करता दाखवली, तर कोणतेही ग्राफिक्स तिच्यापुढे फिके पडेल. बेंगळुरूवर वर्षातून दोनदा, एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यावर, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबई-पुण्यात हे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी घडते. एखाद्या वाहिनीने त्या दुपारी दोन गावांतल्या दोन काठ्या शेजारी शेजारी दाखवल्या, तर मुले सावली शोधतील आणि मोठे पृथ्वीचा घेर काढतील. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ 1985 पासून लोकांना आकाश दाखवत आहे. मराठी वाहिन्यांना महिन्यातून अर्ध्या तासासाठी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही.

तयारीला मुहूर्तही जवळ आहे. 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ टिकणारे खग्रास सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसायला हवे, पण ऑगस्टच्या ढगांमुळे बहुतेकांना ते टीव्हीवरच पाहावे लागेल. वाहिन्यांनी त्या दिवशी पडद्याच्या एका भागात लक्सरचा सूर्य ठेवावा, दुसऱ्या भागात आपल्या गावातले घड्याळ, ग्रासाची टक्केवारी आणि ढग फाकलेच तर सूर्य पाहण्याची सुरक्षित पद्धत द्यावी. आणि स्टुडिओत ग्रहणाचा छंद असलेल्या एखाद्या माणसाला बोलवावे, जो पाचवीतल्या मुलीच्या प्रश्नालाही तितक्याच गंभीरपणे उत्तर देईल.