मनगटाचीही सोनोग्राफी होते

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. एवढं स्पष्ट सांगणाऱ्या मुलुंडच्या एका शिवणकाम करणाऱ्या काकूंची फाइल या आठवड्यात हाती आली आणि संताप झाला. आधी मानेचा एक्स-रे, मग व्हिटॅमिनच्या गोळ्या, मग एनसीव्ही ही नसांची चाचणी. करंगळीलाही मुंग्या येतात का, हे कुणी विचारलंच नव्हतं. अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत बधिरपणा आणि करंगळी मोकळी, तर पहिला संशय मनगटात मीडियन नर्व्ह दबल्याचा, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमचाच (सीटीएस) घ्यायचा. रुग्णाच्या हाताला हात लावा, हे मी इथे लिहीतच राहणार.

आता चाचण्यांचं. एनसीव्हीत विजेचे झटके देऊन संदेश मनगटातून किती वेळात पार होतो ते मोजतात. एसीच्या गारठ्यात हात थंड पडला तर धडधाकट नसही मंद दिसते, म्हणून आधी तो शेकून घ्यावा लागतो. सोनोग्राफीत झटका नाही, सुई नाही. सुजलेली नस थेट दिसते. तिचा छेद साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या वर गेला की संशय बळावतो, आणि आत एखादी गाठ दाबत असेल तर तीही सापडते. 2014 साली अमेरिकेत फाउलर आणि सहकाऱ्यांनी लक्षणं व हाताची तपासणी यांवरून गुण देणारी सीटीएस-6 ही पद्धत प्रमाण मानून दोन्ही चाचण्या ताडून पाहिल्या. आजार पकडण्यात दोन्ही 89 टक्के. आजार नसलेल्याला मोकळं सोडण्यात सोनोग्राफी 90, एनसीव्ही 80. माणसं जेमतेम 85, तरी आधी सोनोग्राफी, हे माझं मत पक्कं झालं.

मधुमेहींना मात्र एनसीव्ही हवीच, कारण बिघाड एकट्या मनगटात आहे की सगळीकडे, हे सोनोग्राफीतून नीट कळत नाही.

परदेशात हाताचे सर्जन बाह्यरुग्ण विभागातच प्रोब टेकवून बघतात. इथे मनगट बघणाऱ्या मशीनलाही गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागते. तो कायदा ढिला करा, असं मी कधीच म्हणणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, तो चळवळीच्या रेट्यामुळे. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला नोंदणी असलेली सोनोग्राफी केंद्रं भरपूर आहेत, आणि थायरॉइडसाठी वापरतात तोच प्रोब मनगटालाही चालतो. सराव असलेला रेडिओलॉजिस्ट मात्र हवा. डॉक्टरांनी मिनिटभर मनगट वाकवून धरून मुंग्या येतात का ते बघावं आणि चिठ्ठीवर लिहावं: दोन्ही मनगटं, मीडियन नर्व्ह.