टाचणाबाहेरचा प्रश्न

भंडारा जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांतून पुढील तीस-पस्तीस वर्षे जे शिकविणार आहेत, ते तरुण आज अध्यापक विद्यालयांच्या बाकांवर बसून पाठांची टाचणे लिहीत आहेत. आणि मुलांच्या सर्जनशीलतेविषयी त्यांनी मनाशी कोणती कल्पना बांधली आहे, हा प्रश्न या जिल्ह्याच्या भवितव्याच्या दृष्टीने धानाच्या भावाइतकाच किंवा पाटबंधाऱ्यांइतकाच गंभीर आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे शिक्षणाची जाहीर चर्चा होते ती बहुधा पदभरतीची, बदल्यांची आणि घटत्या पटसंख्येची. त्या चर्चेचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु नेमणुकीचा हुकूम हाती घेऊन शिक्षक एकदा वर्गात शिरला की तेथे तो काय करतो, आणि जे करतो ते करण्याची सवय त्याला कोणी व कशी लावली, याची विचारपूस क्वचितच होते.

सर्जनशीलता म्हणजे काय, असे एखाद्या छात्राध्यापकास विचारावे, तर तो मनापासून जे उत्तर देतो त्यात चित्रकला येते, हस्तकला येते, नाट्यीकरण येते, टाकाऊतून टिकाऊ वस्तू येतात, आणि सर्वांत अधिक अभिमानाने येते ते त्याने रात्र जागून रंगीत कागद, कार्डशीट आणि थर्मोकोल यांतून सिद्ध केलेले शैक्षणिक साहित्य. या उत्तरात खोटे काही नाही, आणि त्यामागील मेहनत तर आदरास पात्रच आहे. उणीव आहे ती एवढीच की, त्यातील बहुतेक सर्जन शिक्षकाच्या हातून घडते व मुलाच्या वाट्याला केवळ ते पाहणे उरते; आणि गणित, वाचन, परिसर अभ्यास हे जे विषय शाळेच्या दिवसाचा मोठा भाग व्यापतात, ते या कल्पनेच्या शिवेबाहेरच राहून जातात. ही स्थिती एकट्या महाराष्ट्राची नाही. इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठाच्या डग्लस आणि लिन न्यूटन यांनी २००९ साली तेथील होऊ घातलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञानविषयक सर्जनशीलतेच्या कल्पना तपासल्या, तेव्हा त्यांनाही त्या संकुचित आढळल्या. प्रत्यक्ष प्रयोग करून एखादी वस्तुस्थिती पडताळून पाहणे, एवढ्यातच त्या मुख्यतः घोटाळत होत्या, आणि एखाद्या घटनेचा कार्यकारणभाव मुलाने स्वतःच्या कल्पनेने मांडून पाहावा, याला त्यांत फारसे स्थान नव्हते. त्याच देशात सर केन रॉबिन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९९ सालीच सर्जनशीलतेची व्याख्या करताना नावीन्य आणि मोल अशा दोन कसोट्या सांगितल्या होत्या, व ती सर्व विषयांत संभवते असे बजावले होते. नावीन्य कोणाच्या दृष्टीने, हे प्राथमिक शाळेपुरते तरी स्पष्ट असावे. अठ्ठेचाळीस आणि सत्तावीस यांची बेरीज उभी न मांडता सत्तावीसमधील दोन काढून अठ्ठेचाळीसना देणारी आणि पन्नास व पंचवीस मिळून पंच्याहत्तर म्हणणारी तिसरीतील मुलगी जगाला ठाऊक असलेलीच गोष्ट करते. पण तिच्यापुरती ती तिने निर्माण केलेली असते, आणि त्या क्षणी शिक्षकाने तिला ‘पद्धतीने मांड’ असे सांगितले, तर पुढे दहा चित्रे रंगवून घेतल्यानेही ते नुकसान भरून येणार नाही.

असे सांगणारा शिक्षक कोठून येतो? माझ्या मते तो टाचणातून येतो. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन आणि गृहपाठ ही जी पायऱ्यांची परंपरा आपल्या अध्यापक विद्यालयांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, तिचे मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट याच्या अनुयायांच्या पंचपदीत आहे. आणि नवख्या माणसाला वर्गापुढे उभे राहण्यास ती आधार देते, हेही मला मान्य आहे. पुढे ज्ञानरचनावादाचा पुरस्कार झाला, पायऱ्यांची नावे पालटली, रकाने बदलले. पण पुष्कळ टाचणांतून एक रकाना मात्र अबाधित राहिला, तो विद्यार्थ्यांच्या अपेक्षित उत्तरांचा. ज्या मुलांना छात्राध्यापकाने अद्याप पाहिलेले नाही, त्यांची उत्तरे तो आदल्या रात्री लिहून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातून नेमकी तीच निघावीत म्हणून धडपडतो. पाठ किती उतरला याचा निर्णय निरीक्षक बहुधा या जुळणीवरून करतात. अशा तालमीत दोन वर्षे घालविलेल्या तरुणाला अनपेक्षित उत्तर म्हणजे पाठातील व्यत्यय वाटू लागला, तर तो दोष त्याचा मानता येणार नाही.

या जिल्ह्यातील एका सराव पाठाच्या वेळी मी मागील बाकावर बसलो होतो. इयत्ता चौथीचा वर्ग होता, विषय परिसर अभ्यास, घटक पाण्याचे साठे. छात्राध्यापिकेने धरणाची सुंदर प्रतिकृती केली होती, निळ्या कागदाचे पाणी होते, दरवाजे उघडत आणि मिटत होते. वैनगंगेवरील गोसीखुर्दचे नाव तिने फळ्यावर रेखीव अक्षरांत लिहिले होते. ती धरणाचे फायदे सांगत असता एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, धरणात गाव बुडला, तं तेथली शाळा कोठी गेली?” ती क्षणभर थांबली, तिने निरीक्षकांकडे पाहिले, प्रश्न छान आहे, पण तो आपण नंतर बघू, असे म्हणाली आणि संकलनाकडे वळली. तास वेळेत संपला. फलकलेखनाची प्रशंसा झाली. त्या मुलाच्या प्रश्नाचा उल्लेख निरीक्षणाच्या नोंदीत कोठेही नव्हता.

मला त्या मुलीला यत्किंचितही बोल लावावयाचा नाही. परंतु तो प्रश्न केवढा मोठा होता! १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते ज्या प्रकल्पाची कोनशिला बसली, त्याच्या जलाशयाखाली गावे गेली, माणसे उठून नव्या वसाहतींत आली, आणि त्यांची नातवंडे आज याच जिल्ह्याच्या शाळांत बसतात. जुन्या गावाचा नकाशा आजीला विचारून काढणे, शाळा, देऊळ आणि विहीर यांची अंतरे पावलांनी मोजून तो नकाशा प्रमाणात आणणे, आजीला काय काय विचारावयाचे त्या प्रश्नांची यादी करणे, एकाच गावाविषयी दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या हकिगती सांगितल्या तर खरी कोणती मानावी याचा विचार करणे, यात भाषा आहे, भूमिती आहे, इतिहासाची पद्धतीही आहे. आणि यांपैकी एकाही गोष्टीसाठी थर्मोकोल लागत नाही.

भंडाऱ्यासारख्या मुलखात तर अशा प्रश्नांची वाण पडण्याचे कारणच नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार, माती आणि पाऊस यांचा अंदाज घेऊन जे तलाव बांधले, ते १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपल्यानंतरही माजी मालगुजारी तलाव याच नावाने गावोगाव उभे आहेत. त्यांच्या पाळीत पाणी सोडण्याचे तुडूम आहे, जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी सलंग आहे, आणि सलंग वाहू लागला की मासे कोठे चढतात, हे तेथील पोरांना शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. पाळ हातभर उंच केली तर कोणाच्या बांध्या भिजतील आणि कोणाच्या बुडतील, या एका प्रश्नावर पाचवीचा वर्ग आठवडाभर वाद घालू शकेल. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडली. मोहाडीकडे कोशाचे रेशीम विणले गेले. आणि छात्राध्यापक तरी कोठला? दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर दंडार आणि खडीगंमत पाहत तो वाढला आहे. प्रेक्षकांतून आलेला शब्द उचलून कलावंत आयत्या वेळी संवाद कसा रचतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, क्वचित स्वतः केलेही आहे. वर्गात मुलाचा अनपेक्षित शब्द उचलून पाठ पुढे नेण्याला हेच कसब लागते. ते त्याच्यापाशी असते. परंतु विद्यालयाच्या दारातून आत येताना आपली बोली आणि हे कसब दोन्ही बाहेर ठेवावयाचे असतात, अशी त्याची समजूत झालेली असते, आणि ती दूर करण्याची तजवीज आपण केलेली नाही.

येथे एक धोक्याची सूचना इतिहासातूनच घेतली पाहिजे. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमची योजना आखली, तेव्हा भंडारा व वर्धा एकाच मध्यप्रांतात होते. हाताने काही उपयुक्त निर्माण करीत असता त्यातूनच गणित, भूगोल आणि भाषा उमलावी, या समवायाच्या तत्त्वात विलक्षण सामर्थ्य होते. परंतु जेथे ते तत्त्व उमगलेले शिक्षक नव्हते, तेथे पाहता पाहता टकळी ही वेळापत्रकातील एक तासिका झाली, सुताची नोंद दफ्तरात होऊ लागली आणि समवाय नाहीसा झाला. २०२४ साली शासनाने आनंददायी शनिवारचा उपक्रम काढला, त्यामागील हेतूचे मी स्वागत करतो. पण सर्जनाला आठवड्यातील एक वार नेमून दिला की उरलेले पाच वार त्यातून मुक्त झाले, असा अर्थ शिरस्त्याने लावला जाईल, ही भीती मला वाटते. याच्या उलट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे केले, त्यात परिपत्रकाचा भाग अल्प आणि मुलाकडे पाहण्याचा भाग मोठा होता. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी कुरणातच शाळा नेली, आणि तेथील पाने, बिया, खडे हेच साहित्य केले.

यावर एक सयुक्तिक आक्षेप येतो. तिसरीअखेर मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे २०२१च्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य अद्याप गाठावयाचे असता सर्जनशीलतेची चर्चा ही चैन नव्हे काय? ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथील मुलाला वाचन येणे हा त्याच्या न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याबाबत कसूर करणाऱ्या नव्या पद्धतीचा मी पुरस्कार करणार नाही. परंतु वाचावयास शिकणारे मूल पुढील शब्दाविषयी तर्क करते, तो चुकला तर सुधारते, म्हणजे क्षणोक्षणी काही रचून पाहते. ही रचना ज्याला दिसत नाही, तो शिक्षक वाचनही नीट शिकवू शकत नाही, कारण मूल कोठे अडले हे त्याला मुलाच्या चुकीवरूनच कळावयाचे असते, आणि चूक ऐकून घेण्याची सवय टाचणाने त्याच्याकडून हिरावलेली असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकाची किमान अर्हता चार वर्षांची एकात्मिक पदवी होणार आहे, म्हणजे आजची पदविका संक्रमणात आहे आणि तिच्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमांची घडी बसावयाची आहे. त्या घडीत जुना रकाना पुन्हा शिरू नये. अपेक्षित उत्तरांची जागा पाठापूर्वी कोरी असावी, आणि पाठ झाल्यावर छात्राध्यापकाने मुलांनी खरोखर काय म्हटले ते तेथे त्यांच्याच बोलीत लिहावे. एखादा प्रश्न त्याने धरला आणि त्यासाठी संकलन राहून गेले, तर निरीक्षकाने गुण कापण्याऐवजी त्याचेच गुण द्यावेत. याहून आवश्यक असे एक आहे. जे अध्यापकांना शिकवितात त्यांनी महिन्यातून एकदा खेड्यातील शाळेत छात्रांच्या देखत स्वतः पाठ घ्यावा, आणि उत्तर न येणाऱ्या प्रश्नापुढे जाणता माणूस कसा उभा राहतो, हे त्यांना पाहू द्यावे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाने साहेबांकडून चौथीचा एक वर्ग आणि एक वर्षाची मुभा मागून घेतली होती. भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि जिल्हा परिषदेने सात तालुक्यांत प्रत्येकी एक शाळा व तितकीच मुदत द्यावी, आणि ती पुढील आंतरवासिता सुरू होण्यापूर्वी द्यावी.