पाडायचं तरी किती?

दुर्ग-भिलाईत क्रीडासंकुलाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खुर्च्या किती वाढणार? मला मात्र मुंबईचं वानखेडे स्टेडियम आठवतं. 1974 साली शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाने ते जेमतेम वर्षभरात उभं केलं आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीही झाली. गंमत पुढेच आहे. 2011 च्या विश्वचषकासाठी ते नव्याने बांधायचं ठरलं, तेव्हा कामात पुन्हा प्रभूंचीच संस्था होती. म्हणजे तरुणपणी स्वतःच ओतलेलं काँक्रीट फोडायचं! एकीकडे चर्चगेटचे रूळ, दुसरीकडे वस्ती. बाहेर सरकायला इंचभर जागा नाही. मग आसनं सुमारे 45 हजारांवरून 33 हजारांवर आणली, जुन्या अरुंद बाकांच्या जागी खुर्च्या आल्या आणि वर मागून तोललेलं कापडी छप्पर चढलं, पुढे एकही खांब नसलेलं. बारा हजार माणसं कमी करायला हिंमत लागते, आणि हा निर्णय मला छपरापेक्षा मोठा वाटतो. आपल्या भिलाईतल्या जयंती स्टेडियमला उद्या कुणी तरुण आर्किटेक्ट हात घालणार असेल, तर त्याला आधी बाहेर पडायचे जिने मोजायला सांगा, कारण किती माणसं बसवायची ते त्यांवरूनच ठरायला हवं. खुर्च्यांचं नंतर बघू.