वेगालाही पट हवा

भाताची मळणी आटोपून झाडीपट्टीच्या शेतकऱ्यास किंचित उसंत लाभली, की साकोली-सानगडीच्या मुलखास शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, वेध लागतात. आणि धुरकऱ्याच्या एका हाकेसरशी उधळलेली बैलजोडी काही सेकंदांत सारा पट ओलांडून जाताना ज्याने पाहिली आहे, त्यास वेगाची ओढ ही यंत्रयुगाने तरुणांस लावलेली व्याधी होय, हे मत कदापि पटणार नाही. ती ओढ पुरातन आहे, आणि आमच्या ग्रामजीवनाने तिचा धिक्कार न करता तिला शिवारातील एक आखीव जागा, वर्षातील एक नेमका काळ आणि पंचांची देखरेख बहाल केली, हे त्या जीवनाचे शहाणपण. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या यातनांकडे पाहून या शर्यतींस मज्जाव केला, २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली. परंतु मुभा मिळाली तीही शर्तींसह.

मोटारींच्या शर्यतीचा जो वास्तवदर्शी खेळ आज संगणकावर खेळला जातो, त्यास मी याच परंपरेतील मानतो, आणि म्हणून त्याची गणना पोरखेळात करणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. मोबाईलवर अंगठ्याने खेळावयाच्या आणि भिंतीवर आदळलेली मोटार क्षणात पुन्हा धावू लागते अशा खेळांविषयी मी बोलत नाही. येथे टेबलास घट्ट बसविलेले स्टिअरिंग असते, पायाशी पेडल असतात, आणि टायर व रस्ता यांच्यातील झगडा त्या स्टिअरिंगमधून खेळणाऱ्याच्या मनगटापर्यंत पोहोचतो; ‘आयरेसिंग’सारख्या खेळात तर प्रत्यक्ष शर्यतमार्गांचे लेसरने मोजमाप घेऊन त्यांतील उंचवटे व खळगे तंतोतंत उतरविलेले असतात. नवशिका आधी ॲक्सिलरेटर दाबतो, वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक मारतो आणि मार्गाबाहेर फेकला जातो. वारंवार फेकला गेल्यावर त्यास उमगू लागते, की टायरची पकड ही मर्यादित ठेव आहे आणि ती सगळी ब्रेकपायी खर्ची पडली, तर वळण्यासाठी काहीच शिल्लक उरत नाही. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढच्या चाकांवर येतो व मागची चाके हलकी होऊन सुटू पाहतात. सबब वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वी, सरळ रस्त्यावरच, आणि नजर ठेवावयाची ती वळणाच्या पलीकडे. जो सावकाश वळणात शिरतो, तोच वेगाने बाहेर पडतो. संयमावाचून येथे वेग साधत नाही, आणि हेच मला या खेळाचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

या विद्येचे मोल परदेशांत सिद्ध झालेले आहे. ‘ग्रॅन टुरिझ्मो’ हा जपानी खेळ १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खेळाडूंतून २०११ साली निवडला गेलेला यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण दोनच वर्षांनी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसऱ्या आलेल्या चमूत होता. संगणकावरच शर्यतीचे पहिले धडे गिरविलेल्या विल्यम बायरनने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील डेटोना ५०० जिंकली.

सानगडीच्या तरुणाने शर्यतवीर व्हावे, एवढ्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच्या नित्याच्या वाटेवर साकोलीचा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि त्यावर अहोरात्र धावणारे अवजड ट्रक आहेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. एवढी माणसे गमावूनही ब्रेक केव्हा व किती दाबावा, हे आपण मुलांना भर रस्त्यावरच शिकू देतो, याची मला मनस्वी खंत वाटते. अर्थात पडद्यावरील अपघातात हाड मोडत नाही, हा या खेळाचा जसा गुण, तसा धोकाही आहे. शर्यतमार्गावर समोरून बैलगाडी येत नाही की शाळा सुटलेली पोरे रस्ता ओलांडत नाहीत, आणि ही उणीव भरून काढण्यास खेळणाऱ्याच्या शेजारी जाणता शिक्षक हवाच.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. १ जुलै २०२१ पासून अंमलात आलेल्या नियमांनी मान्यताप्राप्त वाहनचालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर आवश्यक ठरविला असून, तेथे उत्तीर्ण होणाऱ्यास परवान्यासाठी परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट आहे. २०२५ च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यानेही पैसे लावून खेळण्यास बंदी करताना ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली. अडचण आहे ती पैशाची, कारण असे स्टिअरिंग व त्यास पेलणारा संगणक धानाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरास परवडत नाही. तेव्हा जिल्हा प्रशासनाने साकोलीस जागा व शिक्षक द्यावा, शंकरपट भरविणाऱ्या मंडळांनी बक्षिसांच्या रकमेतील काही वाटा या कामी काढावा, आणि परवान्याचे वय होण्याआधीच मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणाऱ्या आईबापांनी ती किल्ली परत घेऊन त्यास प्रथम या स्टिअरिंगपुढे बसवावे.