मला व्हायरल फीव्हर झाला नव्हता

परवा मेसच्या पायऱ्या मी कठडा धरून आडवा-आडवा उतरत होतो. मागून आवाज आला, "काऊन बे, लंगडून राह्यला?" मी म्हटलं, ट्रेकला गेलो होतो. लगेच चौकशी सुरू. कुठला ट्रेक, किती उंच, फोटो दाखव! 'नागद्वार' म्हटल्यावर मात्र एकाने घंटा वाजवल्याचा अभिनय केला आणि सगळे खो-खो हसले. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या घरचे दरवर्षी तिथे जातात, हे मला माहीत आहे.

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी थोडी माहिती. पचमढीच्या डोंगरांतली ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येते, म्हणून ती फक्त नागपंचमीच्या आसपास थोडे दिवस उघडते. ऐन श्रावणात! त्या दिवसांत आपल्या विदर्भातून लोकांचा लोंढा तिकडे जातो. मी मामासोबत गेलो. धूपगडाकडून खाली उतरलो ते थेट चिखलात. मग चढ, पुन्हा उतार, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. माझे महागडे शूज पहिल्याच ओढ्यात गेले. पुढे एक आजीबाई अनवाणी, डोक्यावर गाठोडं, आणि वर मलाच म्हणतात, "सांभाळून ये रे बाबू." रात्री एका मंडळाच्या ताडपत्रीखाली फुकट वरण-भात जेवलो, तिथेच झोपलो. कोण, कुठला, जात काय, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गुहेत वाकून शिरलो. नागदेवावर माझा विश्वास आहे का? खरं सांगायचं तर अजून ठरलेलं नाही. आणि ओढ्याकाठी पडलेला कचरा पाहून संतापही आला, तो भक्तीच्या नावाखाली माफ करायची माझी तयारी नाही.

पण श्रद्धा नसली तरी लाज कशाची? तोच चिखल ट्रेक म्हणून तुडवला तर शाबासकी, यात्रा म्हणून तुडवला तर टिंगल! पवनार आपल्यापासून सायकलच्या अंतरावर. तिथून १९५१ साली निघालेले विनोबा भूदानासाठी देशभर पायी फिरून १९६४ साली परतले. अशा भागात राहून आपण चालणाऱ्या माणसांना हसतो, म्हणजे कमालच आहे. असो.

गुहेतून बाहेर आल्यावर मी मामाला म्हटलं, "झाली बुवा यात्रा!" मामा म्हणाला, "अजून कुठं? घरी जाऊन मावंदं घालू, चार लोकांना जेवू घालू, तवा पुरी होईन." आणि मी? मी तर रजेच्या अर्जात व्हायरल फीव्हर लिहून गेलो होतो. यात्रा लिहायला लाज वाटली, बस. सगळ्यांना जेवू घालण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. मी काल दुसरा अर्ज दिला, त्यात खरं कारण लिहिलं. सरांनी दोन्ही अर्ज शेजारी-शेजारी ठेवून वाचले आणि विचारलं, "शिड्या खूप उभ्या आहेत का रे? आईला न्यायचंय."

हजेरीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. पाय मात्र अजून दुखतात, उतरताना जास्त.