किल्ली कोणी मागायची?

खुंटीवरची स्कूटरची किल्ली एके सकाळी जागेवर नसते. ती मुलाने लपवलेली असते, आजोबा शर्टाचे खिसे चाचपत असतात आणि आजी कोणाकडेही न बघता भाजी निवडत असते. हा प्रसंग आता घरोघरी घडतो आहे.

पुण्यासारख्या शहरात एक अख्खी पिढी दुचाकीवर संसार करत म्हातारी झाली. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली ती चेतक. पुढे मूल उभे, मागे पत्नी, हँडलला पिशवी. दारात गाडी आहे, म्हणजे कोणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत! त्यामुळे ‘बाबा, आता गाडी पुरे’ हे मुलाचे बोलणे त्यांना ‘बाबा, आता तुम्ही पुरे’ असेच ऐकू येते.

मुलांची भीती खोटी नसते. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, मान पुरती वळत नाही, चौकात उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज चुकतो. कायद्याने वरची वयोमर्यादा घातलेली नाही. पंचावन्नीनंतर दर ५ वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण आणि डॉक्टरांचा दाखला, एवढेच. मधल्या काळात मोतीबिंदू वाढला, तर ते आधी चालवणाऱ्यालाच कळते. कळते, पण वळत नाही.

जपानमध्ये १९९८ पासून परवाना आपणहून परत करण्याची सोय आहे. २०१९ मध्ये टोकियोत एका ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीने एका आईचा आणि तिच्या लहान मुलीचा बळी घेतला. त्या वर्षी सुमारे ६ लाख लोकांनी परवाने परत केले. अनेक गावांत अशांना बस-टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते.

आपल्याकडेही २०२२ मध्ये एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत केला. उत्तमच झाले, पण मंडईत आणि बँकेत एसटी जात नाही. शहर बसची पायरी गुडघ्यांना झेपत नाही, रिक्षावाला जवळचे भाडे घेत नाही आणि पदपथावर दुचाक्या उभ्या. अशा गावात किल्ली मागायची, तर बदल्यात काय देणार, हे मागणाऱ्याने आधी सांगायला हवे.

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने किल्ली मागितलीच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी वडिलांना वाचनालयात आणि मंडईत न्यायचे त्याने ठरवले, आणि तो वार कधी चुकवला नाही. आधी वडिलांचे रात्रीचे चालवणे थांबले, मग पावसातले. चार-पाच महिन्यांनी किल्ली त्यांनीच मुलाच्या टेबलावर आणून ठेवली. स्कूटर अजून जिन्याखाली आहे. रविवारी ते ती पुसतात.